झडीचं नुकसान भाडेकरूच्या डिपॉझिटमधून कापू नका

प्रति,
सीबीडी बेलापूर आणि परिसरातल्या टॉवरांमधले स्टुडिओ फ्लॅटचे मालक,
तसंच त्या टॉवरांच्या सोसायट्यांच्या व्यवस्थापक समित्या

विषय: स्टुडिओ फ्लॅटचा ताबा देताना करायची नोंद, पावसाआधीची दुरुस्ती आणि डिपॉझिट परत करणं

सप्रेम नमस्कार.

भाडेकरार नोंदवणं, किल्ली देता-घेताना दोन्ही बाजूंच्या मध्ये उभं राहणं, एसी आणि खिडक्यांची कामं करणं हा आमचा रोजचा व्यवसाय आहे. पावसाळा संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जे फ्लॅट रिकामे होतात, तिथे एकच वाद पुन्हा पुन्हा समोर येतो. खिडकीखालची लॅमिनेटची जमीन फुगलेली असते, वॉर्डरोबची पाठ काळी पडलेली असते, एसी थंड करत नसतो, पश्चिमेच्या भिंतीचे पापुद्रे निघालेले असतात. मालक हिशेब मांडतात आणि भाडेकरूच्या डिपॉझिटमधून रक्कम कापतात. आमचं म्हणणं स्पष्ट आहे. यातलं बरंचसं नुकसान झडीने आणि खाऱ्या हवेने केलेलं असतं. ते अडवण्याची साधनं मालकाच्या आणि सोसायटीच्या हातात असतात, अकरा महिन्यांसाठी आलेल्या माणसाच्या हातात नसतात. म्हणून ते त्याच्या पैशातून भरून काढणं चुकीचं आहे.

बेलापूरला कोकण भवन आहे, सिडको भवन आहे, कोकण रेल्वेचं मुख्यालय आहे, रिझर्व्ह बँकेचं कार्यालय आहे, शिवाय खाजगी कंपन्यांची कार्यालयं आहेत. ऑफिसपर्यंत पायी जाता यावं म्हणून इथे एकट्याने राहणारी तरुण मंडळी स्टुडिओ शोधतात. त्यांत रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आलेली मुलं-मुलीही असतात आणि त्यांचं डिपॉझिट बऱ्याचदा गावाकडे आई-वडिलांनी मोडलेल्या ठेवीतून आलेलं असतं. ती रक्कम अडकली की पुढचं घर घेता येत नाही. मालकाला लाख-दीड लाख ही दुरुस्तीची तरतूद वाटते, तर समोरच्यासाठी ती पुढच्या घराची किल्ली असते.

आधी स्टुडिओला पाऊस जास्त का छळतो ते पाहू. वन बीएचकेला बऱ्याचदा दोन बाजूंना खिडक्या असतात, म्हणून हवा आरपार जाते. स्टुडिओ बहुधा एकाच बाजूला उघडतो. मागे कॉरिडॉर, पुढे काच. बाथरूमला खिडकी नसते, फक्त शाफ्टमध्ये सोडलेला एक्झॉस्ट फॅन. स्वयंपाकाचा ओटा त्याच खोलीत, आणि वर लावलेली चिमणी बऱ्याच ठिकाणी डक्टला जोडलेलीच नसते. ती कोळशाच्या फिल्टरमधून हवा फिरवून परत खोलीतच सोडते. म्हणजे कुकरची वाफ, आंघोळीची वाफ आणि ओल्या कपड्यांचा दमटपणा सगळा २८-३० चौरस मीटरमध्ये कोंडतो. जुलैत बाहेरच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा खिडकी उघडूनही खोली कोरडी होत नाही.

आता खिडकी. आमच्या मते सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टॉवरमध्ये ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असतात. पावसाचं थोडं पाणी खालच्या ट्रॅकमध्ये येणारच, हे खिडकी बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. म्हणून ट्रॅकला बाहेरच्या अंगाने पाणी निघून जाण्यासाठी छोट्या खाचा ठेवलेल्या असतात आणि आतल्या बाजूला ट्रॅकची कड उंच ठेवलेली असते. वारा काचेवर दाब देतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ७२ किलोमीटरच्या झोतात हा दाब सुमारे २४ मिलिमीटर उंचीचं पाणी पेलून धरतो, ताशी ९० किलोमीटरला सुमारे ३८ मिलिमीटर. म्हणजे आतली कड २५ मिलिमीटरची असेल, तर मोठ्या झोतात पाणी बाहेर जायच्या ऐवजी ट्रॅकमध्ये चढत जातं आणि कड ओलांडून खोलीत येतं. खिडकी घट्ट लावलेली असली तरी येतं. जमिनीपासून जितकं वर जावं तितका वारा जोरात असतो, म्हणून तिसऱ्या मजल्यावर कोरडी राहणारी तीच खिडकी पंचविसाव्या मजल्यावर गळते. "तुम्ही खिडकी उघडी टाकून गेलात" असा आरोप करण्याआधी कडेची उंची पट्टीने मोजून पाहा.

त्यात खाचा तुंबतात. कारणं ठरलेली आहेत: बांधकामाच्या वेळचं सिमेंट, कबुतरांची पिसं, धूळ आणि चिलटांचा गाळ. काही मालक त्याहून वाईट करतात. पाणी खाचेतून आत येतंय असं वाटून ते खाचेतच सिलिकॉन भरतात. मग ट्रॅकमधल्या पाण्याला बाहेरची वाट उरत नाही आणि सगळं आत उतरतं. तपासणी अगदी सोपी आहे. पाऊस नसलेल्या दिवशी खालच्या ट्रॅकमध्ये सावकाश एक लिटर पाणी ओता. मिनिट-दीड मिनिटात ते बाहेरच्या बाजूने निघून गेलं तर खाचा चालू आहेत. साचून राहिलं तर बारीक तारेने आणि ब्रशने साफ करा आणि पुन्हा ओतून पाहा.

दुसरी जागा म्हणजे चौकट आणि भिंत यांच्यामधली सिलिकॉनची रेघ. ऊन, मीठ आणि इमारतीची सूक्ष्म हालचाल यांनी ती काही वर्षांत कडक होते आणि भिंतीपासून सुटते. नखाने दाबली तर ती रबरासारखी दबायला हवी. तडकली किंवा सोलून हातात आली तर तिचं आयुष्य संपलं. जुन्या रेघेवर नवी रेघ ओढून उपयोग होत नाही. जुनी पूर्ण खरवडून, पृष्ठभाग कोरडा आणि स्वच्छ करून मगच नवी भरावी लागते. आणि ही रेघ बाहेरच्या बाजूला असते. विसाव्या मजल्यावर ती भरायला दोरावरून उतरणारी माणसं किंवा गोंडोला (गच्चीवरून बाहेर सोडलेला पाळणा) लागतो. हे काम भाडेकरू करूच शकत नाही, आणि एकटा मालकही करू शकत नाही. ते सोसायटीनेच करायचं काम आहे. व्यवस्थापक समित्यांना आमची पहिली विनंती म्हणूनच ही आहे की दर्शनी भागाच्या सीलिंगची पाहणी मार्च-एप्रिलमध्ये करा आणि काम मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत संपवा. जूनमध्ये ओल्या भिंतीवर सिलिकॉन धरत नाही, आणि वाऱ्यात दोरावर माणूस उतरवणं धोक्याचं आहे. कोकणात घराची शाकारणी पावसाआधी होते आणि ती घराचा धनी करतो, पाहुण्याला कोणी कौलं परतायला वर चढवत नाही. टॉवरच्या काचेला वेगळा न्याय कशासाठी?

खिडकीतून आलेलं पाणी थेट फर्निचरला जाऊन भिडतं. स्टुडिओतलं तयार फर्निचर पुष्कळदा एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं असतं. दिसायला चकचकीत, पण खालच्या कडेला एकदा पाणी लागलं की भुसा फुगतो आणि परत बसत नाही. वॉटरप्रूफ प्लाय घेतला, खाली १०० मिलिमीटरचे पीव्हीसीचे पाय दिले आणि वॉर्डरोब बाहेरच्या भिंतीपासून पाच-सात सेंटीमीटर पुढे ठेवला, तर यातला बराच त्रास टळतो. बाहेरच्या भिंतीला चिकटवलेल्या कपाटाची पाठ काळी पडते, कारण ती भिंत खोलीतल्या हवेपेक्षा थंड आणि ओली असते आणि मधल्या फटीत हवा हलत नाही. त्या बुरशीचा दोष कपडे ठेवणाऱ्याला लागत नाही, कपाटाच्या जागेला लागतो. कपाट कुठे ठेवायचं हे भाडेकरू येण्याआधी ठरलेलं असतं.

एसीबद्दल एक गैरसमज कायमचा निघावा अशी आमची इच्छा आहे. गॅस वापरून संपत नाही. एसीतला गॅस बंद नळ्यांमधून फिरत असतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. खाडीकिनारी बाहेरचं युनिट वाऱ्याच्या तोंडावर असतं, मिठाचा थर कॉइलवर बसतो, ॲल्युमिनियमच्या पात्या पांढुरक्या होऊन गळू लागतात आणि पुढे नळीला सुईएवढं छिद्र पडतं. भाडेकरूने एसी रात्रभर चालवला म्हणून असं होत नाही. गळती शोधल्याशिवाय गॅस भरणारा कारागीर दोन महिन्यांनी पुन्हा येणारच. आधी नायट्रोजन भरून दाब धरतोय का पाहावा, सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघावं. गळती कॉइलवर असेल तर तो गंज आहे, म्हणजे मालकाचा खर्च. फिल्टर महिनोन्महिने न धुतल्याने बर्फ धरला असेल किंवा पाणी आत टपकत असेल, तर ती भाडेकरूची हयगय. हा फरक कारागिराच्या बिलावर दोन ओळींत लिहून घ्या, निम्मे वाद तिथेच मिटतील. फिल्टर दर पंधरवड्याला धुणं भाडेकरूकडे, आणि पावसाआधी व पावसानंतर बाहेरच्या युनिटवरचं मीठ साध्या पाण्याने धुऊन घेणं मालकाकडे, अशी वाटणी आम्ही सुचवतो.

विजेचंही असंच. इन्स्टंट गिझर ३ किलोवॉटचा, इंडक्शन शेगडी २ किलोवॉटची, एसी सुमारे १.७ किलोवॉट. तिन्ही एकदम चालू झाले की ६.७ किलोवॉट, म्हणजे २३० व्होल्टवर जवळपास २९ अँपिअर. मुख्य एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) २५ अँपिअरचा असेल तर तो पडू शकतो, आणि पडायलाच हवा, त्यासाठीच तो बसवलेला आहे. तिथे नुसता मोठा एमसीबी बसवू नका. वायरची जाडी आणि महावितरणकडचा मंजूर भार तपासून मगच बदल करा. नाहीतर एमसीबी पडायचा थांबतो आणि वायर तापू लागते. भार वाढवता येत नसेल तर भाडेकरूला पहिल्याच दिवशी सांगा की गिझर आणि शेगडी एकदम चालवायची नाही. किल्ली देताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा. जनरेटरचा वेगळा मीटर असेल तर त्याचाही काढा, कारण जनरेटरच्या युनिटचा दर महावितरणच्या दरापेक्षा जास्त असतो आणि शेवटच्या बिलावर तंटा नेमका तिथे होतो.

हे सगळं कागदावर कसं आणायचं?

अकरा महिन्यांचा करार नोटरीकडे केला की भागतं असं अजूनही काही मालक मानतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. त्यामुळे नोंदणी ही मालकाचीच गरज आहे.

खर्च फार नाही. समजा भाडं महिना ४५,००० रुपये, मुदत २४ महिने, परत करायचं डिपॉझिट २ लाख. एकूण भाडं १०,८०,००० रुपये. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज दोन वर्षांचं ४०,०००. बेरीज ११,२०,०००. त्यावर ०.२५ टक्के म्हणजे २,८०० रुपये मुद्रांक शुल्क, आणि महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी. ऑनलाइन नोंदणीत दोन्ही पक्षांचे आणि साक्षीदारांचे आधारशी जोडलेले अंगठे घरी किंवा ऑफिसात घेता येतात. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रांग लावावी लागत नाही. अंगठा उमटला नाही म्हणून अडून राहिलेले करार आम्ही पुष्कळ पाहतो, म्हणून वयस्कर मालकांनी आधीच आधारवरचे ठसे अद्ययावत करून ठेवावेत.

या कराराला सामानाची यादी जोडता येते, आणि आमच्या मते करारातलं सगळ्यांत दुर्लक्षित पान तेच आहे. बहुतेक याद्यांत "एसी १, पंखा १, गिझर १" एवढंच असतं. त्यातून स्थिती कळत नाही. एसीपुढे कंपनी, टनेज आणि शेवटच्या सर्व्हिसची तारीख लिहा. खिडकीपुढे "ट्रॅकमध्ये पाणी ओतून पाहिले, निचरा होतो" किंवा "होत नाही" असं लिहा. पश्चिमेच्या भिंतीवर आधीच डाग असेल तर तो कुठे आणि साधारण किती मोठा, तेही लिहा. फर्निचरच्या खालच्या कडांचे, सिंकखालच्या कपाटाचे, बाथरूमच्या छताचे फोटो काढून दोघांनी एकमेकांना त्याच दिवशी पाठवा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे लेखी करारात नमूद गोष्टी निर्णायक पुरावा मानल्या जातात. मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट भाडं भरपाई म्हणून मागता येतं, आणि ताब्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. कायद्याने मालकाच्या हाती इतकं दिलेलं असताना चार-सहा महिन्यांचं डिपॉझिट अडकवून ठेवायचं कारण उरत नाही.

डिपॉझिटमधून काय कापावं आणि काय कापू नये, यासाठी एक चांगला आधार आहे. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घरासाठी डिपॉझिटची कमाल मर्यादा दोन महिन्यांचं भाडं अशी सुचवली आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो बंधनकारक होत नाही, पण त्याला जोडलेली दुरुस्तीची वाटणी कोणालाही आपल्या करारात घालता येते. त्यात इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, गरज पडल्यास पाइप बदलणं आणि वायरिंग ही कामं मालकाकडे आहेत. नळाचे वॉशर, नाली साफ करणं, गिझर, स्विच-सॉकेट, कुलुपं आणि मुठी, खिडकीची काच, मच्छरदाणीची जाळी या गोष्टी भाडेकरूकडे आहेत. सफेदी मालकाकडे आहे हे मुद्दाम पुन्हा लिहितो, कारण "रंगकामाचे एक महिन्याचं भाडं" ही कपात इतकी रूढ झाली आहे की करारात नसली तरी केली जाते. भिंतीला खिळे ठोकून भगदाडं पाडली, शाईने रंगवली, तर जरूर घ्या. पण तीन पावसाळे पाहिलेला रंग उतरला म्हणून घेऊ नका.

शेवटचं वीजबिल यायला वेळ लागतो ही मालकांची अडचण खरी आहे. त्यासाठी मागच्या तीन बिलांतलं सगळ्यांत मोठं बिल असेल तेवढी रक्कम राखून बाकीचं डिपॉझिट किल्ली परत घेतानाच खात्यात जमा करा. किल्ली हातात घेऊन "बघू, महिन्याभरात देतो" म्हणणं थांबायला हवं. कपात करायची असेल तर वस्तू, कारण आणि बिल दाखवून करा.

भाडं महिन्याला ५०,००० रुपयांच्या वर असेल तर भाडेकरूने आयकर कापून भरायचा असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर २ टक्के आहे, त्याआधी ५ टक्के होता. तो पॅनवरच भरता येतो, टॅन (कर कापणाऱ्याचा वेगळा क्रमांक) लागत नाही. मालक परदेशी रहिवासी असेल तर गणित पूर्ण बदलतं: भाडं कितीही कमी असलं तरी कर कापावा लागतो, टॅन लागतो आणि दर कितीतरी जास्त असतो. म्हणून दुबईत किंवा सिंगापूरला असलेल्या मालकांनी हे करार करतानाच सांगावं. वर्षाच्या शेवटी कळलं तर त्याची झळ भाडेकरूला बसते.

जागेच्या मापाबद्दल थोडंसं. जाहिरातीत "५०० स्क्वेअर फूट" लिहायचं आणि दार उघडल्यावर तीनशे निघायचं, हे भाड्याच्या व्यवहारात सर्रास चालतं. इंडेक्स टू मध्ये (नोंदणी झालेल्या दस्ताच्या सारांशात) चटई क्षेत्र चौरस मीटरमध्ये दिलेलं असतं. त्याला १०.७६४ ने गुणा. २८ चौरस मीटर म्हणजे ३०१ चौरस फूट. तोच आकडा सांगा. आणि मंजुरी कार्यालय म्हणून असलेला गाळा "स्टुडिओ" म्हणून राहायला देऊ नका. तिथे वीजदर व्यापारी लागतो, राहत्या पत्त्याचा पुरावा मिळत नाही आणि भोगवटा प्रमाणपत्रात राहण्याचा वापर नसतोच.

आता खास व्यवस्थापक समित्यांसाठी.

आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या कारभारासाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) सभासदाने फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर देण्याआधी सोसायटीला कळवायचं असतं आणि कराराची प्रत द्यायची असते. परवानगी मागायची नसते. तरीही ना-हरकत दाखल्यासाठी मुलाखती होतात, एकट्या मुलीला "पालक सोबत राहतील का" असं विचारलं जातं, लग्न झालेलं नाही म्हणून दाखला अडवला जातो. सज्ञान, कमावत्या माणसाच्या वैवाहिक स्थितीशी सोसायटीचा संबंध येत नाही. हे थांबवा अशी कळकळीची विनंती आहे. पोलिसांना भाडेकरूची माहिती देण्याचं काम मालकाचं आहे आणि ते ऑनलाइन होतं. ती फक्त माहिती असते. पोलिसांचं "प्रमाणपत्र" आणा म्हणून सामानाचा टेम्पो गेटवर उभा करून ठेवू नका.

मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा लागणारं बिनभोगवटा शुल्क, ज्याला आपण नॉन-ऑक्युपन्सी म्हणतो, ते २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवाशुल्कात मालमत्ता कर धरायचा नाही. सेवाशुल्क महिना ३,००० असेल तर कमाल ३००. ते मालकाकडून घ्यायचं, भाडेकरूकडून नाही. सामान हलवायला सर्व्हिस लिफ्ट ठरावीक वेळेत वापरावी, आतून गादीपट लावावेत, नुकसान झालं तर भरपाई घ्यावी, हे सगळं रास्त आहे. पण परत न मिळणारी मोठी "शिफ्टिंग फी" कशासाठी, याचं उत्तर कोणत्याही समितीकडून आम्हाला मिळालेलं नाही.

आगीबाबत एवढंच सांगतो, पण हे टाळू नका. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. त्याची प्रत लिफ्टच्या लॉबीत लावा. स्टुडिओला बाहेर पडायला एकच दार असतं, तेही कॉरिडॉरमध्ये उघडणारं. त्यामुळे जिन्याचं आपोआप मिटणारं अग्निरोधक दार कचऱ्याच्या डब्याने उघडं अडकवलेलं असेल, तर धूर सरळ जिन्यात भरतो आणि वरच्या सगळ्या मजल्यांची वाट बंद होते. आश्रय मजल्यावर (आगीच्या वेळी थांबायला मोकळा ठेवलेल्या मजल्यावर) सायकली, जुने सोफे आणि रंगाचे डबे साठवू नका. नव्या भाडेकरूला किल्ली देताना सुरक्षारक्षकाने दोन्ही जिने आणि आश्रय मजला प्रत्यक्ष फिरवून दाखवावा. दहा मिनिटांचं काम आहे.

आमच्या मागण्या थोडक्यात अशा. येत्या मेच्या तिसऱ्या आठवड्याआधी प्रत्येक सोसायटीने पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूच्या खिडक्यांची बाहेरून पाहणी करून तिचा अहवाल सभासदांना द्यावा आणि त्याची प्रत भाडेकरूंनाही मिळावी. ज्या खिडकीचं सीलिंग सोसायटीने केलेलं नाही, तिच्याखालच्या ओलीचा खर्च भाडेकरूवर टाकता येणार नाही, असा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत यावा. मालकांनी स्थितीच्या नोंदीसह यादी करारालाच जोडावी. डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंत ठेवावं आणि ते किल्ली परत घेतानाच द्यावं. यादीचा नमुना ज्या समितीला किंवा मालकाला हवा असेल, त्यांना आम्ही विनाशुल्क देऊ आणि पहिल्या ताब्याच्या वेळी स्वतः हजर राहून भरून दाखवू.

आपले,
भाडेकरार नोंदणी, मध्यस्थी आणि घरदुरुस्तीची कामं करणारे काही जण
सीबीडी बेलापूर, नवी मुंबई